पान अठ्ठ्याऐंशी

लोक ताईला विचारायचे, "तुम्हाला दिसत नाही, मग कागद तपासता कसे?" तेव्हा ती म्हणायची, "तुम्ही डोळ्यांत तेल घालून तपासता, मी कानांतलं तेल काढून तपासते."

सातव्या वर्षी मेंदूज्वरात तिची दृष्टी गेली होती. आता ती त्रेचाळीस वर्षांची होती आणि सरकारी कागदपत्रं जतन करणाऱ्या एका कार्यालयात अकरा वर्षं नोकरी करत होती. जुन्या फायली तळघरातून वर यायच्या, त्यांची पानं स्कॅन व्हायची आणि ती लोकांना वाचायला खुली करण्याआधी ताईकडे यायची. न दिसणाऱ्या माणसालाही तो कागद नीट वाचता येतो का, हे बघणं तिचं काम होतं. संगणकावरची अक्षरं मोठ्यानं वाचणारा एक प्रोग्राम तिच्या कानात दिवसभर बोलत असायचा. ऑफिसात त्याला सगळे 'पोपट' म्हणायचे. पोपट फार भरभर बोलायचा, पत्र्यावर गारा पडाव्यात तसा. विभागप्रमुख मॅडमनी एकदा हौसेनं तिचा हेडफोन कानाला लावला, आणि अर्ध्या मिनिटात काढून ठेवला. ताईला मात्र त्या गारांतली एकेक गार वेगळी ऐकू यायची.

पोपटाची एक अडचण होती. स्कॅन केलेलं पान म्हणजे कागदाचा फोटो, आणि फोटो त्याला वाचता येत नसे. नुसतं 'चित्र' म्हणून तो गप्प बसायचा. म्हणून फोटोतली अक्षरं ओळखून काढणारा दुसरा प्रोग्राम आधी चालवायचा. तोही काही फार हुशार नव्हता. 'ख' दिसला की 'रव' समजायचा, 'भ' आणि 'म' यांतला फरक त्याच्या गावीही नसायचा. 'मुख्य' सचिवांचे 'मुरव्य' सचिव व्हायचे, आणि वारसाच्या अर्जातला 'भाऊ' 'माऊ' होऊन यायचा. हे सगळं ताई दुरुस्त करायची. शीर्षकं शीर्षकं म्हणून ओळखली जातात ना, तक्त्यातले रकाने सरमिसळ होत नाहीत ना, पानं क्रमानं आहेत ना, हे पाहून ती शेवटी आपल्या आद्याक्षरांची खूण टाकायची. तिची खूण असलेल्या फायलीत मॅडम पुन्हा बघायच्या नाहीत.

एका सोमवारी सकाळी तिनं नवी फाइल उघडली, तेव्हा पोपट म्हणाला, "शीतगृहातील अमोनिया वायुगळती. चौकशी समितीचा अहवाल. परिशिष्टांसह. दोनशे चौसष्ट पाने."

ताईनं कळीवरून बोट उचलून घेतलं.

तेरा वर्षांपूर्वी त्या शीतगृहातल्या अपघातात तिचा दादा गेला होता. तो तिथल्या यंत्रांच्या, म्हणजे कॉम्प्रेसरच्या, खोलीत ऑपरेटर होता. बर्फासारख्या थंड खोल्यांमध्ये माल राहायचा आणि त्या खोल्या गार ठेवणारी यंत्रं दादा चालवायचा. एका दुपारी नळीचा जोड सुटला आणि अमोनिया पसरला. पाच माणसं गेली: दादा, माल चढवणारे तिघे, आणि फाटकावरचा वॉचमन, जो दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलात वारला. वर्षभरानं समितीचा अहवाल आला. समितीची कागदपत्रं बारा वर्षांनी लोकांसाठी खुली करायची असा नियम होता. ती बारा वर्षं आता भरली होती, एवढंच.

खरं तर तिनं त्याच क्षणी उठून मॅडमना सांगायला हवं होतं की ही फाइल माझ्या भावाची आहे, दुसऱ्याला द्या. तिला ते कळत होतं. पण ती गेली नाही. तिनं दार लोटलं आणि बाणाची कळ दाबली.

अहवाल तिच्यासाठी नवा नव्हता. तो छापून आला, तेव्हा वहिनीनं, म्हणजे दादाच्या बायकोनं, तिला तो वाचून दाखवला होता. घरातलं सगळं वाचन वहिनीच करायची: वर्तमानपत्र, पत्रं, औषधाच्या बाटलीवरचा मजकूर. वहिनीचा आवाज थोडा घोगरा होता, आणि विरामचिन्हंसुद्धा ऐकू यावीत इतकं ती नीट वाचायची. त्या अहवालातलं बरंचसं ताईला आठवत होतं. यंत्रं जुनी होती, देखभाल नीट होत नव्हती, बाहेर पडायचा दरवाजा मालानं अडवलेला होता.

पोपट वाचत गेला. एकोणतीस, तीस. मग म्हणाला, "एकतीस. गळती लक्षात आल्यावरही यंत्रचालकाने सुमारे चाळीस मिनिटे कोणासही सावध केले नाही. मुख्य अभियंत्यांस ही बाब दोन वाजून चाळीस मिनिटांनी कळली. काही कामगार स्वतःहून बाहेर पडल्याने बचावले. उर्वरित जीवितहानी चालकाच्या हलगर्जीपणामुळे झाली, असे समितीचे मत आहे."

तिनं तो परिच्छेद पुन्हा ऐकला. एखादं अक्षर चुकलं असेल, 'ख'चा 'रव' झाला असेल, म्हणून वेग कमी करून शब्दाशब्दाला थांबत ऐकला. एकही चूक नव्हती. छपाई स्वच्छ होती. पोपटानं 'हलगर्जीपणा' हा शब्द 'दरवाजा' किंवा 'मंगळवार' म्हणावा तसा म्हटला.

वहिनीनं हे वाचलं नव्हतं.

संध्याकाळी ताई घरी आली तेव्हा वहिनी भांडी घासत होती. एका शाळेच्या कार्यालयात ती नोकरी करायची आणि ताईच्या अर्धा तास आधी घरी पोचायची. बाबा बाहेरच्या खोलीत होते. आयुष्यभर त्यांनी घड्याळं दुरुस्त केली होती. दुकान बंद केलं, तरी ओळखीच्या लोकांची घड्याळं अजून घरी यायची. ताईनं स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं.

"वहिनी, चौकशीचा अहवाल मला वाचून दाखवलास, तेव्हा एकतिसावा परिच्छेद वाचला होतास?"

नळाचं पाणी वाहत राहिलं. भांड्यांचा आवाज थांबला.

"नाही," वहिनी म्हणाली. "गाळला."

तिला ते आठवावंही लागलं नाही, हे ताईच्या लक्षात आलं. कारण विचारल्यावर वहिनीनं आधी आपल्या मुलीचं नाव पुढे केलं. मुलगी तेव्हा सात वर्षांची होती, शेजारी बसून चित्रं रंगवत होती. आता ती शिकायला दुसऱ्या शहरात, वसतिगृहात होती. मग नळ बंद करून वहिनी म्हणाली, "खोटं कशाला बोलू. पोरगी नसती तरी वाचलं नसतं. वाचताना आवाज माझा होता ना. माझ्या तोंडानं मी त्याला दोषी म्हणायचं?"

"मग नंतर सांगायचं."

"नंतर कधी? बारा वर्षांत तो 'नंतर' आलाच नाही, ताई."

ताईनं बाबांबद्दल विचारलं. तेव्हा तिला कळलं की बाबांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. अहवाल छापून आला त्याच आठवड्यात ते एकेक करून चारही घरी जाऊन आले होते, वॉचमनच्या आणि त्या तीन हमालांच्या. जाऊन हात जोडायचे आणि म्हणायचे, माझ्या मुलाकडून चूक झाली. एका घरात त्यांना पाणी दिलं. दोन घरांत कुणी काही बोललं नाही. चौथ्या घरात एका म्हातारीनं त्यांचं तोंड बघितलं आणि दार लावलं. ते ऐकताना ताईला आठवलं की त्या दिवसांत बाबा घड्याळाचे सुटे भाग आणायला म्हणून वरचेवर बाहेर जायचे.

तिला राग आला. दादावर ठपका होता म्हणून नव्हे, तर साऱ्या गल्लीला माहीत असलेली गोष्ट तिला एकटीला माहीत नव्हती म्हणून. ऑफिसात, शेजारात, परक्यांपुढे ती बारा वर्षं दादाबद्दल मान ताठ ठेवून बोलत आली होती. ऐकणारे काय म्हणत असतील? बिचारी, हिला कुणी वाचून दाखवलेलं दिसत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनीनं रोजच्यासारखं वर्तमानपत्र उघडलं, तेव्हा ती म्हणाली, "राहू दे. माझं मी वाचेन." वहिनीनं घडी घालून ते बाबांसमोर ठेवलं.

ऑफिसात तिनं परिशिष्टं काढली. ती अकरा होती: नकाशे, डॉक्टरांचे दाखले, साक्षी. आता ती कशासाठी वाचत होती, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. दादाची बाजू शोधायची म्हणून नव्हे. एवढंच होतं, की या प्रकरणातला एकही शब्द आता आपल्याला दुसऱ्यानं निवडून द्यायचा नाही. मुख्य अभियंत्याची साक्ष तिनं ऐकली: मी जेवणासाठी घरी गेलो होतो, मला कोणताही निरोप मिळाला नाही. वाचलेल्या दोन कारकुनांच्या साक्षी ऐकल्या. माल निवडणाऱ्या बायकांपैकी एकीचीही साक्ष नव्हती. त्या कंत्राटावर होत्या आणि हजेरीपटावर त्यांची नावंच नव्हती.

नववं परिशिष्ट म्हणजे फाटकावरच्या नोंदवहीची टाइप केलेली प्रत. वॉचमन येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या आणि फोन त्यात लिहायचा. चार रकाने होते: वेळ, गाडी किंवा व्यक्ती, काम, शेरा. असा तक्ता तपासताना ताई ओळी आडव्या वाचत नसे. एकेका रकान्यातून ती सरळ खाली उतरायची, म्हणजे एखादा आकडा घसरला असेल तर लगेच कानाला खटकतो. वेळेचा रकाना ती उतरू लागली. एक वाजून पाच. एक अकरा. एक चौदा. एक बावीस. शीतगृह गजबजलेलं होतं. पाच-दहा मिनिटांपेक्षा मोकळी जागा कुठेच नव्हती. एक सव्वीस. एक पस्तीस. एक एकोणचाळीस.

दोन चाळीस.

ती एक घर वर गेली, पुन्हा खाली आली. एक एकोणचाळीस, दोन चाळीस. एका तासात फाटकावर एकही गाडी आली नाही, एकही फोन वाजला नाही, आणि नेमका तोच तास. डोळ्यांनी वाचणाऱ्याला हे का दिसलं नसेल, हेही तिला कळलं. एक एकोणचाळीसला पान संपत होतं आणि दोन चाळीस दुसऱ्या पानाची पहिली ओळ होती. पान उलटताना माणसाचं लक्ष जरा सुटतंच. तिच्या रकान्याला मात्र पान उलटावं लागत नव्हतं.

शेऱ्याच्या रकान्यात टाइप करणाऱ्यानं मूळ वहीच्या पानांचे आकडे दिले होते. तिनं तेही उतरत ऐकले. शहाऐंशी, सत्त्याऐंशी, नव्वद.

स्कॅनिंगचं काम बघणारे गृहस्थ तळमजल्यावर बसायचे. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली, खोकल्याची सवय, आणि कोणतंही काम सांगितलं की आधी "नाही होणार" म्हणून मग ते करायचे. सगळे त्यांना काका म्हणायचे. ताई भिंतीला हात लावत जिना उतरली आणि विचारलं की या फायलीसोबत मूळ नोंदवही आली आहे का. काका म्हणाले, आली आहे, पण ती स्कॅन करायची नाही असा शेरा आहे, पाण्यानं खराब झालेली आहे. अमोनिया विरायला अग्निशमनवाल्यांनी पाणी मारलं होतं, त्यात वही भिजली होती. टाइप करणाऱ्याला जेवढं वाचता आलं, तेवढं त्यानं उतरवलं असणार.

"सत्त्याऐंशीनंतर कुठलं पान आहे, काका?"

कागदाचा कोरडा आवाज आला. "नव्वद. मधलं पान फाडलंय वाटतं."

"फाडल्याची कड आहे का? बोटानं बघा."

काका खोकले. मग पानांवरून बोट फिरवत म्हणाले, "कड नाही. हे पान जाड लागतंय. दोन पानं चिकटलीत."

नाही होणार, असं ते त्या दिवशी म्हणाले नाहीत. तळघरातल्या दुरुस्ती कक्षातून त्यांनी पातळ सुरी आणि ओल्या टीपकागदाच्या पट्ट्या आणल्या आणि पानं सोडवायला बसले. पाऊण तास लागला. ताई शेजारच्या स्टुलावर बसून होती. मध्ये एकदा काकांनी विचारलं, "तुमचं यात काय अडलंय एवढं?" तेव्हा तिनं सांगितलं, की यंत्रचालक माझा भाऊ होता. काकांचा हात थांबल्याचं तिला जाणवलं, मग पुन्हा सुरी चालू झाल्याचंही.

पान सुटलं. शाई फुटलेली होती, पण वॉचमन अक्षर दाबून लिहायचा. काकांनी पान तिरपं धरून दिव्याखाली ओळ लावली. हातानं लिहिलेलं होतं, पोपटाचा इथे काही उपयोग नव्हता. वरच्या ओळी नेहमीच्या गाड्यांच्या होत्या, त्यांच्याखालचं काकांनी वाचलं:

"दोन आठ. कॉम्प्रेसर खोलीतून फोन. वास वाढला. खालची माणसं बाहेर काढा. साहेबांना कळवा."

"दोन बारा. साहेबांच्या घरी फोन. जेवून येतो म्हणाले."

"दोन सतरा. पुन्हा कॉम्प्रेसर. निवडणाऱ्या बायका आणि इतर, सतरा बाहेर काढले असं सांगितलं. आतल्या खोलीत तिघे आहेत म्हणाला." काका थांबले. "पुढे लिहिलंय, 'तू पण ये म्हटलं. येत नाही म्हणाला. वॉल सोडला तर...' वॉल म्हणजे भिंत का हो?"

"व्हॉल्व," ताई म्हणाली. "कामावरची माणसं वॉल म्हणतात. दादाही म्हणायचा."

"'वॉल सोडला तर सगळं येईल म्हणाला.'" काकांनी पुढची ओळ दिव्याखाली घेतली.  "दोन सव्वीस. 'फोन उचलत नाही. आतल्या खोलीकडे जातो आहे.' इथे संपलं. एकोणनव्वद कोरं आहे, आणि नव्वदवरचं अक्षर वेगळं आहे."

दोन चाळीसची नोंद दुसऱ्याच कुणाची होती: साहेब आले.

 ताईनं त्या चारही नोंदी पुन्हा वाचायला सांगितल्या, आणि काकांनी वाचल्या, एकही शब्द न गाळता, न घालता.

तिच्या हातात तेव्हा सगळं होतं. पान स्कॅन करून मजकूर टाइप करायचा, फायलीत जागच्या जागी बसवायचा आणि खूण टाकून मोकळं व्हायचं. मॅडमनी बघितलंही नसतं. तसा विचार तिच्या मनात आला, हे तिनं नंतर कबूल केलं. पण जिना चढेपर्यंत तो गेला. पान आपण गुपचूप घातलं, तर उद्या कुणीही म्हणेल, बहिणीनं घातलं. मग खरं पानही खोटं ठरेल.

ती थेट मॅडमच्या खोलीत गेली आणि सोमवारपासूनचं सगळं सांगितलं.

मॅडम शांत पण कडक होत्या. म्हणाल्या, "फाइल टेबलावर आली त्याच मिनिटाला तुम्ही माझ्याकडे यायला हवं होतं."

"हो."

"तुम्ही त्यात काही बदललं नाही, हे मला माहीत आहे. बाहेरच्यांना माहीत नाही."

त्यांनी फाइल तिच्याकडून काढून घेतली. तिच्या नावावर समज दिल्याची नोंद झाली. अकरा वर्षांतली पहिली. मग मॅडम स्वतः खाली गेल्या, तीन माणसांसमोर ते पान पाहिलं, पंचनामा केला आणि काकांची सही घेतली. ताईची घेतली नाही. त्या पानाबद्दल वरिष्ठ कार्यालयाला पत्र गेलं.

उत्तर यायला पाच महिने लागले. त्या काळात तिनं घरी बाबांना काही सांगितलं नाही. आशा लावून ती खोटी ठरली, तर ते दुसऱ्यांदा मोडतील, असं तिला वाटे. वहिनीला मात्र तिनं चौथ्याच दिवशी सांगितलं. वहिनी ऐकत राहिली, मग उठून आत गेली आणि बऱ्याच वेळानं तोंड धुऊन बाहेर आली. "आतल्या खोलीतले तिघे, हे त्याला माहीत होतं तर," एवढंच ती म्हणाली. ताईला वाटलं होतं की वहिनीला बरं वाटेल. तसं झालं नाही. दादा निघू शकला असता आणि निघाला नाही, हे तेरा वर्षं तिला ठाऊक नव्हतं. आता ते तिला नव्यानं सोसायचं होतं. त्या दिवसांत दोघी पुन्हा सकाळी वर्तमानपत्र घेऊन बसू लागल्या. कुणी कुणाची माफी मागितली नाही. एकदा एका बातमीपाशी वहिनी थांबली आणि म्हणाली, "हे वाईट आहे. वाचू?" ताई म्हणाली, "वाच."

वरून आलेलं उत्तर सरकारी होतं. समितीचं काम संपलेलं असल्यानं निष्कर्षात बदल करता येणार नाही. मात्र नव्यानं सापडलेली नोंद परिशिष्ट नऊमध्ये जोडावी. मुख्य अभियंता निवृत्त होऊन वारले होते. त्यांच्याबद्दल पत्रात अवाक्षर नव्हतं. मॅडमनी त्यावर आणखी दोन पत्रं लिहिली आणि शेवटी एका ओळीची परवानगी मिळवली: एकतिसाव्या परिच्छेदाच्या खाली, त्याच पानावर, 'यासोबत परिशिष्ट नऊ, मूळ वहीचे पान अठ्ठ्याऐंशी पाहावे', आणि तिथून थेट त्या पानावर जायची सोय. मजकूर दुसऱ्या विभागातल्या तपासनिसानं टाइप केला आणि फाइल खुली झाली.

ताईनं ती ऑफिसात उघडली नाही. शनिवारी दुपारी घरी, इतर कुणीही उघडेल तशी उघडली. बाबांना शेजारी बसवलं, वहिनी दाराशी उभी राहिली. हेडफोन न लावता आवाज मोठा ठेवला आणि बाबांसाठी पोपटाचा वेग अगदी कमी केला. त्या वेगात तो एखाद्या थकलेल्या माणसासारखा बोलत होता.

आधी तिनं एकतिसावा परिच्छेद लावला. बाबा म्हणाले, "हे मला माहीत आहे पोरी. हे कशाला?"

"थांबा, बाबा."

परिच्छेद संपला, खालची ओळ आली, आणि पोपट म्हणाला, "दुवा."

"दुवा? कुणाचा दुवा?" बाबांनी विचारलं. त्यांना वाटलं, कुणी आशीर्वाद दिला.

"इथून त्या पानावर जाता येतं, त्याला दुवा म्हणतात," असं सांगून तिनं कळ दाबली.

दोन आठ. दोन बारा. दोन सतरा. दोन सव्वीस.  संपल्यावर बाबा म्हणाले, "वेळा पुन्हा ऐकव." तिनं ऐकवल्या. मग ते हळूहळू, स्वतःशीच मोजल्यासारखं बोलले, की दोन आठपासून दोन सव्वीसपर्यंत अठरा मिनिटं होतात. अठरा मिनिटं पोरगं तो व्हॉल्व धरून होतं.   वहिनीनं पुढे येऊन बाबांच्या हातावर आपला हात ठेवला.

"मी चार घरी जाऊन त्याला चुकार ठरवून आलो," बाबा म्हणाले. "बाप असून."

 त्यांना समजावण्यासारखं काही नव्हतं, आणि ते रडलेही नाहीत. दुसऱ्या दिवशी वहिनीनं त्या पानाच्या चार प्रती छापून आणल्या. बाबा त्या घेऊन निघाले. दोन घरं बदलली होती, पत्ता लागला नाही. म्हातारी वारली होती. तिच्या सुनेनं कागद घेतला आणि नंतर वाचते म्हणाली. वॉचमनच्या मुलानं तो तिथेच उभ्यानं वाचला, आपल्या वडिलांचं अक्षर आहे का विचारलं, आणि मूळ पान बघायला मिळेल का, असंही विचारलं. मॅडमनी त्याला बोलावून काकांकरवी ते दाखवलं.

एका वर्तमानपत्रात आतल्या पानावर सात ओळींची बातमी आली. त्यानंतर तीन आठवड्यांनी, रविवारी सकाळी अकराच्या सुमारास, घराची बेल वाजली. दार बाबांनी उघडलं. बाईचा आवाज होता, पन्नाशीच्या पुढचा, जिना चढून दमलेला. ती म्हणाली, पत्ता शोधायला तीन रविवार गेले. शीतगृहात खाली माल निवडायच्या टेबलावर मी होते. त्या सतरांतली.

बाबांनी तिला बसायला खुर्ची दिली. बाई अवघडून बसली. समितीनं तुम्हाला काही विचारलं नाही का, असं वहिनीनं विचारलं, तेव्हा ती म्हणाली की आम्हाला कोण विचारतो, आम्ही कागदावर नव्हतोच. मग थोडं थोडं करून ती त्या दुपारबद्दल बोलू लागली. वॉचमन धावत आला, म्हणाला, मशीनवाल्यानं सांगितलंय, आहे तसं टाकून निघा. वास तेव्हा एवढा नव्हता. टोपल्या अर्ध्या भरलेल्या होत्या, आणि अर्धी टोपली सोडली की त्या दिवसाची मजुरी कापायचे.

"खरं सांगू का," बाई म्हणाली, आणि थांबली. "आम्ही तुमच्या पोराला शिव्या घालत बाहेर पडलो. बिनकामाचा घाबरट आहे म्हणालो. मी तर दोनदा म्हणाले."

 ताईला वाटलं, आता बाबा उठून आत जातील. पण त्यांनी खुर्ची थोडी पुढे ओढली.

"काय काय म्हणालात?" त्यांनी विचारलं. "नीट आठवून सांगा. सगळं सांगा."